तांदळातलं नाव आणि सोनेरी कार्ड

माझं लग्न ठरवायला बैठक बसली तेव्हा मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. त्यांनी फक्त माझं नाव मागितलं. आडनाव नव्हे, ते तर सगळेच गृहीत धरतात. पाळण्यातलं नाव. होणाऱ्या सासूबाई आमच्या काळेवाडीच्या दोन खोल्यांत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोह्यांची बशी बाजूला ठेवत त्या म्हणाल्या की आमच्या घरात सुनेचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात, आणि पुढे ते कागदोपत्रीही होतं. बाकी आमची काही अट नाही.

त्यांचं घर पुनावळ्यातलं, जुन्या गावकऱ्यांपैकी. शेतं गेली, त्यावर वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या, पण रीतीभाती जागच्या जागी होत्या. मी त्याच सकाळी पोलंडहून आले होते. झोप नव्हती, आणि झोप नसली की माझं डोकं लवकर फिरतं. माझ्या तोंडून काहीतरी निघणार हे मम्मीनं ओळखलं आणि मला चहा आणायला आत पिटाळलं.

माझं काम आधी सांगायला हवं. चाकणच्या एका कंपनीत मी मशीन बसवायला जाते. गाड्यांचे सुटे भाग वेल्डिंग करणारी मोठी मशीनं आम्ही बनवतो. ती ज्या देशात विकली जातात तिथे जाऊन ती उभी करायची, चालवून दाखवायची, तिथल्या माणसांना शिकवायची आणि परत यायचं. पप्पांनी लातूरकडून येऊन सगळी नोकरी पत्रा दाबणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये काढली. ते म्हणतात, मी जन्मभर एकाच गेटातून आत गेलो आणि त्याच गेटातून बाहेर आलो, तुझी गेटं मोजता येत नाहीत.

एवढं उडाल्यावर विमान कंपनीनं मला आधी चंदेरी कार्ड दिलं, मग सोनेरी. सोनेरी कार्डावर रांग वेगळी, एक बॅग जादा, आणि विमानतळावरच्या त्या गारेगार खोलीत फुकट खाणं. शिवाय सोबत एक पाहुणा नेता येतो. आमच्या चाकणच्या पोरापोरींत या कार्डांचं भलतंच वेड आहे. शर्यतीच्या घाटात कुणाची बारी किती सेकंदांत आली यावर बैलगाडेवाले बोलतात, तशी आमच्या कँटीनमध्ये चर्चा चालते, कुणाचे किती पॉइंट झाले म्हणून. सरळ जाणारं विमान सोडून दोन ठिकाणी उतरत जाणारे महाभाग मी पाहिलेत, का तर पॉइंट जास्त मिळतात. मी त्यांना हसते, आणि वेळ आली की तेच करते.

पण खरं सांगायचं तर मला त्या फुकटच्या इडलीचं काही कौतुक नव्हतं. सकाळी फोन आला की संध्याकाळी बॅग उचलून निघता येतं, याचं मला अप्रूप होतं. मम्मीला माहेरी जायचं तर आधी चार जणांना विचारावं लागे आणि पाचव्यानं नाही म्हटलं की बेत रद्द. माझी बॅग मात्र कपाटाशेजारी कायम भरलेली असे, आणि तिच्याकडे नुसतं बघूनही मला बरं वाटे.

आणि हे सगळं त्या एका नावावर होतं. पासपोर्ट, त्यातले व्हिसे, कार्ड, पॉइंट. नाव बदललं की पासपोर्ट नवा करा, मग एकेका देशाच्या दारात पुन्हा उभे राहा. तोवर मी घरात बसणार आणि माझी मशीनं दुसरं कुणी बसवून येणार. इथेच घोडं पेंड खात होतं.

मार्ग काढला तो मुलानं. तोही चाकणलाच, टूलरूममध्ये काम करणारा, बोलायला कमी आणि ऐकायला जास्त. तो म्हणाला, तांदळात लिहू आत्ता, कागदाचं सावकाश बघू. सासूबाईंनी मान हलवली, पण सावकाश म्हणजे दिवाळीच्या आत, हेही सांगून टाकलं. मला मुलगा आवडला होता. मी विचार केला, आजचे तांदूळ उद्याचा भात, कोण लक्षात ठेवतंय. आणि हो म्हटलं.

लग्न झालं. तांदूळ पसरले, अंगठी फिरली, पेढे वाटले. नाव छान होतं, त्याच्याशी माझं काही भांडण नव्हतं. फक्त ते माझं वाटत नव्हतं. सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आणि मी खुशाल फोन बघत बसायची. दोन-तीन हाका झाल्या की ध्यानात यायचं, अगं बाई, ती मीच. आत्या रागवायच्या नाहीत. व्हईल सवय, म्हणायच्या, मला बी येक साल लागलं हुतं.

लग्नानंतर फिरायला कुठे जायचं हे नवऱ्यानं गुपित ठेवलं होतं. तू कायम स्वतःची तिकिटं काढतेस, या वेळी मी काढतो, म्हणाला. तो कधी विमानात बसला नव्हता. त्यानं थायलंड ठरवलं, आणि विमानही माझ्या सोनेरी कार्डवाल्याच कंपनीचं निवडलं, त्या कार्डाचा उपयोग व्हावा म्हणून. एवढा विचार करणारा माणूस पदरात पडला म्हणून मी खूश होते.

निघायच्या दिवशी अख्खं घर लोहगावला सोडायला आलं. आमच्याकडे कुणी विमानानं जाणार म्हणजे एक गाडी कमीच पडते. आत्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि उशीर नको म्हणून सगळ्यांना इतकं लवकर हाकललं की आम्ही पोचलो तेव्हा आमच्या आधीच्या विमानाचीही माणसं आत गेली नव्हती. मी मनात हसले. ‘अति घाई संकटात नेई’ असं हायवेवर उगीच लिहून ठेवतात का, असंही म्हणाले.

दारावरच्या जवानानं नवऱ्याचं तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, जा म्हणाला. माझं तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, आणि पुन्हा तिकीट बघितलं. मग विचारलं, “ये कौन है?”

मी वाकून बघितलं. तिकिटावर तांदळातलं नाव होतं.

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात तो हा. जगातल्या एकाही कागदावर नसलेल्या बाईचं तिकीट काढून आम्ही दारात उभे होतो. मी नवऱ्याकडे बघितलं. तो पांढराफटक. तेवढ्यात कठड्यापलीकडून आत्या पुढे आल्या आणि जवानाला समजावू लागल्या की ही आमची सून हाय, नाव आमीच ठेवलंय, समद्या भावकीसमोर तांदळात लिवलंय, पायजे तर फोटू दाखवते. आणि खरंच त्यांनी फोटो दाखवला.

जवानानं तो फोटो नीट बघितला, ही त्याची माणुसकी. मग म्हणाला, “माताजी, चावल पे लिखा हुआ हमारे यहाँ नहीं चलता.”

विमान कंपनीच्या खिडकीवरही तेच उत्तर मिळालं. एखादं अक्षर चुकलं असतं तर दुरुस्त केलं असतं, हे तर माणूसच दुसरं आहे. नवं तिकीट घ्या. मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजूबाजूची मंडळी बॅगा ढकलायची थांबली होती. तो खाली मान घालून म्हणाला की तिकीट काढताना आई शेजारी उभी होती, नवं नाव घाल, शोभंल, असं म्हणाली.

आत्यांचा चेहरा उतरला. पण त्या हरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला आणि निकाल दिला. “नगं आता जायाला. घरी चला. आधी कागदं करून घिऊ, मंग खुशाल जावा.”

सगळे गाडीकडे वळायला लागले. मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं की आज गाडीत बसले तर उद्या सकाळी नाव बदलायला आधार केंद्राच्या रांगेत उभी असेन, आणि कपाटाशेजारची बॅग माळ्यावर जाईल. मला भीती वाटली. परक्या देशात रात्रीचं चुकलेय, बर्फात अडकलेय, पण तेव्हाही इतकी घाबरले नव्हते. मी म्हटलं, थांबा, आणि ट्रॉलीवरच बसकण मारून सोनेरी कार्डाच्या नंबरावर फोन लावला. गाड्यांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला.

पलीकडच्या बाईनं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. माझं, पप्पांचं, आडनाव. सगळं सासर भोवती उभं होतं आणि मी आवाज जरासुद्धा बारीक केला नाही. त्या बाईनं तेच नाव घेऊन मला नमस्कार केला, पुन्हा आल्याबद्दल आनंद झाला म्हणाली, शेवटचा प्रवास पोलंडचा ना, कसा झाला, असं विचारलं. मग माझी अडचण ऐकून घेतली आणि म्हणाली, त्याच विमानात जागा आहे, तुमचे पॉइंट पुरतात, लावू का?

आत्या वाकून फोनकडे बघत होत्या. “ही बाई तुला वळखती व्हय गं?”

मी सांगितलं, ती मला ओळखत नाही, पण इतकी वर्षं जेवढी उडाले ते सगळं त्या नावावर जमा आहे. नव्या नावावर काहीच नाही.

ज्यांची जमीन गेली त्या घरात जमा, खातं, नाव, हे शब्द कुणाला शिकवावे लागत नाहीत. आत्या म्हणाल्या, “म्हंजी हा तुझा सातबाराच की.”

“व्हय आत्या,” मी म्हटलं. माझ्या तोंडून व्हय पहिल्यांदाच निघालं होतं.

“मंग सातबाऱ्यावरचं नाव कुणी असं खोडतं का? लाव म्हण तिला.”

तिकीट फोनवर आलं. दार बंद व्हायला अजून वेळ होता, तो केवळ आत्यांनी आम्हाला पहाटे कोंबड्यांना उठवल्यासारखं हाकलल्यामुळे. हायवेवरची पाटी मी मनातल्या मनात मागे घेतली. फोन आणि पासपोर्ट मी जवानापुढे धरणार, तोच आत्यांनी दोन्ही माझ्या हातातून घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण नाव ऐकून पाठ झालं होतं. जवानासमोर उभं राहून त्यांनी ते खणखणीत म्हटलं. माझं पाळण्यातलं नाव, माझ्या बापाचं नाव, माझ्या माहेरचं आडनाव. “बघा आता, जुळतंय का.”

जवान हसला आणि बाजूला झाला. आत जाताना मी मागे वळून बघितलं. मला रडू येत होतं, आणि ते मी लपवलं नाही. त्या गारेगार खोलीत नवरा माझा पाहुणा म्हणून आला आणि भीत भीत इडली घेऊन बसला. त्याच्यावरचा राग मी दुसऱ्या इडलीपर्यंतच टिकवू शकले.

परत आल्यावर आधार केंद्राचा विषय कुणी काढला नाही. दिवाळी आली आणि गेली. घरात मी तांदळातलं नाव आहे, आणि आता पहिल्याच हाकेला ओ देते. बाहेर मी पासपोर्टातलं नाव आहे. दोन्ही मला चालतात. परवा मेक्सिकोला निघाले तर आत्यांनीच नवऱ्याला दटावलं, तिकीट तिचं तिला काढू दे, तू हात लावू नगंस.

मध्यंतरी एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. मी सहज विचारलं, आत्या, तांदळाच्या आधी तुमचं नाव काय होतं?

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी ते हळूच सांगितलं. बाहेरच्या खोलीत सासरे टीव्ही बघत होते, त्यांनीही मान वळवून आत पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते नाव या घरात उच्चारलं गेलं नसावं. मी म्हटलं, किती गोड आहे, शेवटची हाक कुणी मारली होती या नावानं?

“भावांनी,” त्या म्हणाल्या. “हक्कसोडीवर माझी सही पायजे हुती तवा. जमीन सोडून दिली, आन् मंग कुणी हाक न्हाई मारली.”

मी एक शेंग उगीचच दोनदा सोलली. त्या मात्र पुन्हा भराभर दाणे काढायला लागल्या होत्या, आणि बराच वेळ मनात काहीतरी जुळवत असल्यासारख्या दिसत होत्या.

“तुझ्या त्या कार्डावर येक पाव्हणं न्हेता येतं म्हणालीस न्हवं?”

“एक येतं, आत्या.”

“मंग माझा बी पासपोर्ट काढ,” त्या म्हणाल्या. “नाव कुठलं घालायचं ते मी सांगीन.”