खाचरात लावलेल्या बकुळी

सोजरबाई मूळची बीडकडची. तिकडं भांडी विसळलेलं पानीसुदिक कोनी फेकत न्हाई, परसातल्या लिंबाला घालत्यात. नवरा कंपनीत लागला तवा ती भाताच्या मुलखात, माणला आली. त्यो गेला, मग एका सोसायटीत जिने पुसाय लागली. पंधरा वर्सं पुसले बाईनं. गुडघे कुरकुराय लागले, तवा सेक्रेटरी विजयश्री मॅडमनी तिला बागंवर घेतलं. बकुळीची अकरा रोपं आनली व्हती, बारा महिने हिरवी राहनारी. मॅडम म्हनल्या, दसऱ्यापतुर ही जगली तर बाग तुमची, न्हाईतर नर्सरीवाल्याला देऊ, तुमी परत जिन्यावर.

मग काय, जीव लावला तिनं. खोल खड्डे घेतले, मऊ माती भरली, रोपाभवती परातीएवढी आळी केली. पाऊस दोन दिस उघडला की हिची बादली चालू. पानं पिवळी पडाय लागली, तर हिला वाटलं तहानली असतील. आनिक एक बादली. पानं गळाय लागली. पान्यानं झाड मरतं, हे तिच्या गावात कुनाला सांगितलं असतं तर हसले असते लोक.

चौथ्या मजल्यावर धोंडीबा राहायचा. सोसायटीखालची समदी जमीन आधी त्याचीच. बाकड्यावर बसून चार दिस त्यानं बघितलं, मग म्हनाला, "बाई, झाडाला पोहाय शिकवताय जनू."

सोजरबाईला राग आला. म्हनाली, "आबा, तुमी पानी बघितलंय, आमी दुष्काळ बघितलाय."

"व्हय, पन ही भाताची खाचरं हायती. माझ्या आज्यापासनं चिखल तुडवून तुडवून खालची जमीन घट्ट केली, पानी जिरूच नये म्हनून. तुमचा खड्डा म्हंजी रांजन झालाय. हात घालून बघा."

तिनं हात घातला. कोपरापतुर गार चिखल, अन् वास असा की नाकाला पदर लावला. एक रोप हळूच उपसलं, तर मुळ्या काळ्या पडलेल्या. बाई तिथंच खाली बसली. आपल्याच हातानं जेऊ घालून लेकरू आजारी पाडावं, तसं झालं तिला.

धोंडीबानं उपाय सांगितला. रोपं वर काढायची, खड्डे बुजवायचे, गुडघाभर मातीचे उंचवटे करून त्यावर लावायची. अन् खालच्या कोपऱ्यातनं खाचराचं पानी काढून द्यायची जुनी वाट व्हती, तिथवर चर खनायचा. पन ती वाट आता कंपाउंडच्या भिंतीनं बुजलेली. भिंतीला भोक पाडायचं म्हंजी मॅडमला इचारनं आलं.

मॅडमनी पहिलंच इचारलं, नर्सरीवाल्यानं रोपं खराब दिली का? व्हय म्हनली असती तर सुटली असती. धोंडीबा पन बघत व्हता. सोजरबाई म्हनाली, "रोपं चांगली व्हती. मीच बुडवली. जिन्यावर घालायचं तर घाला, पन आधी ह्यांच्या बुडचं पानी काढू द्या."

मॅडमनी तिथंच फोन लावला. दुसऱ्या दिशी गवंडी आला.

आठ दिस बाई उंचवटे रचत, रोपं वर लावत, चर खनत व्हती. धोंडीबा बाकड्यावरनं हुकूम सोडायचा, इथं उतार द्या, तिथं द्या. भोक पडलं अन् चरातनं काळं पानी भळभळा वाहिलं, तसा म्हातारा लहान पोरागत टाळ्या पिटाय लागला. बादली सोजरबाईनं मीटर रूममधी कुलपात टाकली. हात शिवशिवायचे तिचे. मग बोट मातीत खुपसायची, ओल लागली की गुमान माघारी.

दोन रोपं गेलीच, मुळ्याच सडल्या व्हत्या त्यांच्या. बाकीची महिनाभर नुसती उभी, ना जगलीत ना मेलीत. नवरात्र बसलं अन् शेंड्याला तांबूस कोंब आले, एकाला, मग दुसऱ्याला.

दसऱ्याला मॅडम आल्या, नऊ झाडं बघितली. ते दोन मोकळे उंचवटे दावून म्हनल्या, "इथं काय लावायचं, सोजरबाई?"

पंधरा वर्सांत तिला कुनी सल्ला इचारला नव्हता. तिनं मातीत बोट खुपसलं, जरा इचार केला.

"जांभूळ लावा. त्याला ओल चालती," ती म्हनाली. "अन् रोप निवडाय मी येते."