आयुले मामाने करपवलेलं धनुष्य

आयुले मामाच्या हातून कच्चं धनुष्य गेलं, असं तारीच्या खोऱ्यात कधी झालं नाही. काळ्या ताडाचा दांडा डुकराच्या चरबीनं माखायचा, निखाऱ्यांच्या वीतभर वर धरून फिरवत राहायचा आणि लाकूड नरमलं की गुडघ्यावर हळूच दाबायचा. गार होईपर्यंत हात काढायचा नाही. मी त्याचा सख्खा भाचा, पण मला म्हणायचा, "तुझा हात घाईचा. तू आपली रताळी लाव."

त्या साली शेताच्या हद्दीच्या चरावरून पलीकडच्या कुळाशी जुंपली. मामाचा पोरगा मतियाबे, एकुलता एक. तो धनुष्य मागायला आला.

"एका चरासाठी मरायला जातोस? बस घरी," मामा म्हणाला.

"बसतो की. मग लोक म्हणतील, आयुलेनं सगळ्यांच्या पोरांना धनुष्यं दिली आणि स्वतःचं पोर बायकांच्या घरात लपवलं."

मामा धनुष्य करायला बसला. पोरगा खरंच बोलत होता.

या वेळी मामाने दांडा थेट जाळात धरला. ताड मुळातच काळा, करपलेला कुणाला दिसणार? असं लाकूड पूर्ण ओढलं की मोडतं. आणि निघताना धनुष्य मोडलं तर त्या दिवशी लढाईला जायचं नाही, ही आमची रीत. पोरगा चिडेल, पण जगेल, एवढंच मामाच्या मनात होतं.

सकाळी अंगणात प्रत्येकाने आपलं धनुष्य ओढून पाहिलं. मतियाबेने बांबूची दोरी चढवली आणि तसाच निघाला.

"अरे, ओढून तर बघ," मी म्हटलं.

"बापाच्या हातचं आहे. ते काय बघायचं?"

मामा दारातच उभा होता. एक शब्द पुरला असता. पण चारचौघांत लाजेनं त्याची जीभ उचलली नाही. याचा मला अजून राग येतो.

दुपारी मतियाबेचं प्रेत खांद्यावरून आणलं. शत्रू समोर असताना पहिल्याच ओढीला धनुष्य मोडलं होतं.

मामाने हे सगळं फक्त मला सांगितलं. मामीला ठाऊक नाही. ती रोज त्या ताडाच्या झाडाला शिव्याशाप देते, त्याच्या मुळांना कीड लागो म्हणते. मामा शेजारी बसून "हो, लाकूडच दगाबाज निघालं" म्हणतो.