रंगाऱ्याची अर्धी भिंत

"तीस वर्षं भिंती रंगवल्या, आणि आता माझ्या हातात खडू देताय?" रंगारी पहिल्याच दिवशी कडाडला.

खडू देणारी बाई दवाखान्यातली. चित्रं काढायला लावून माणसांचं मन हलकं करायचं, हे तिचं काम. लेकीनं याला अक्षरशः ढकलत तिच्याकडे आणलं होतं. सात महिन्यांपूर्वी कामावरचा जोडीदार शिडीवरून पडून दगावला, तेव्हापासून दुसऱ्या पायरीवर गेलं की याचे पाय लटपटायचे. काम बंद. घरात बसून दिवसभर नुसतं खेकसणं. लेक अगदी टेकीला आली होती बिचारी.

"मनात येईल ते काढा, काका," बाई म्हणाली.

"मनात येतं ते सांगितलं तर तुम्हाला झेपायचं नाही!"

पण समोर कोरं काही दिसलं की हात कुठला गप्प बसतोय? त्यानं ब्रश मागून घेतला आणि अख्खा कागद पांढरा करून टाकला. पांढऱ्यावर पांढरा! आता काय म्हणावं या माणसाला? पुढचे दोन आठवडेही तेच.

"काका, चित्र कुठंय?"

"आधी पांढऱ्या अस्तराचा हात दिल्याशिवाय रंग लावतं का कोणी? काय पण बाई आहे!"

चौथ्या खेपेला त्यानं फिका हिरवा कालवला. जमेना, म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या, पुन्हा कालवला. मग सपासप कागद भरला. वरचा एक कोपरा मात्र पांढराच ठेवला आणि ब्रश खाली टाकला.

बाई नुसती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. त्याचंच डोकं फिरलं. "एरवी तुमचं तोंड बंद नसतं! विचारा की, कोपरा का राहिला?"

"का राहिला?"

"तिथं तो होता, वर. शिडी मी धरायची होती. रंग संपला म्हणून आणायला गेलो. दोन मिनिटांत येतो म्हणालो." रंगारी ढसाढसा रडला, आणि रडतानाही स्वतःवर चिडलेलाच होता.

बऱ्याच वेळानं बाईनं ब्रश पुढे केला. "भरायचा का कोपरा?"

"कागदावर? छे!"

पुढच्या आठवड्यात तो लेकीला घेऊन, जोडीदार पडला होता त्या जिन्यात गेला. दुसरा रंगारी बोलवायचा धीर घरमालकाला झाला नव्हता, भिंत तशीच अर्धी राहिली होती. लेकीनं शिडी दोन्ही हातांनी धरली.

"रंग संपला तरी सोडून जायचं नाही. कळलं?" तो वरून खेकसला.

"नाही जात, बाबा."

दुसऱ्या पायरीवर पाय लटपटले. तो तसाच तिसरीवर चढला.