चिंध्यांची पट्टी आणि फाटकावरचा कॅमेरा

आमच्या घराबाहेरचा पितळी नळ दुसऱ्यांदा चोरीला गेला, त्या सकाळी कॅमेरा घ्यायचं ठरलं. पहिला नळ गेला तेव्हा आम्ही नवा बसवून गप्प बसलो होतो. या वेळी चोराने नळाबरोबर बादलीही नेली, आणि ती बादली माझ्या माहेरची होती. मी घरापुढच्या ओटल्यावर उभी राहून चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गल्लीतल्या चार बायका हातातली कामं टाकून ऐकायला आल्या.

उधन्यातलं आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला आहे. माझ्या नवऱ्याची कडोदऱ्याच्या लूम कारखान्यात एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात घरात मी आणि सासू-सासरे, तिघंच. "बाहेरचा, रात्री दिसणारा कॅमेरा घेऊन टाक. तू आणि आबा जाऊन बघून या," हे म्हणाले आणि झोपायला गेले. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना बरोबर ने, हे यांनी म्हणायला नको होतं.

आबा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये तीस वर्षं कलर मास्तर होते. कापड रंगवून घेणारी पार्टी जो नमुना देते, त्याच रंगाचं कापड रंगून आलंय की नाही, हे बघून लॉट पास करायचा किंवा परत पाठवायचा, हे त्यांचं काम. हातात कापडाचा तुकडा घेऊन ते उत्तरेकडच्या खिडकीशी जायचे, एक डोळा बारीक करायचे, आणि "पास" किंवा "मार परत" एवढंच बोलायचे. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. लग्न होऊन आले तेव्हापासून माझे फॉल आणि दोरे आबाच जुळवून आणायचे. मिलमध्ये शेट, घरी मी, दोघंही त्यांच्या डोळ्यांवर पोट भरत होतो म्हणा ना.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी तडकाफडकी काम सोडलं. एका दुधी पांढऱ्या लॉटवरून भांडण झालं होतं. आबांनी तो तीनदा परत पाठवला, पिवळट मारतोय म्हणून. त्यांच्या हाताखाली बुलढाण्याकडचे एक काका होते, बावीस वर्षं बरोबरीने काम केलेले, दर रविवारी आमच्याकडे जेवायला येणारे. ते आबांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, राग नका मानू, पन एकडाव डोये दाखून घ्या जी." झालं. आबा त्याच दिवशी डबा घेऊन घरी आले. शेटने तो लॉट पास केला, पार्टीने नेलाही. त्यावर आबांचं म्हणणं, पार्टीपण आंधळी.

त्या लॉटचा एक तुकडा मात्र त्यांनी पुरावा म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला. बुलढाण्याच्या काकांचा विषय घरात बंद झाला. दिवाळीला त्यांचा फोन आला. आबा वाजणाऱ्या फोनकडे बघत बसले, तो थांबेपर्यंत. मग फराळाचं ताट तसंच सोडून उठले. माझ्या सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या की, एवढा जीव लावलेला माणूस कुणी असा टाकतं का. रविवारी दुपारी आबा उगीच फाटकापर्यंत जाऊन यायचे, ते मला दिसायचं.

तर कॅमेरा. निघायच्या आदल्या दिवशी आबांनी माझ्या पेटीतून चिंध्या निवडल्या, बारा रंगांच्या, आणि माझ्याकडून एका लांब पट्टीवर ओळीने शिवून घेतल्या. मिलमध्ये शेडकार्ड असतं ना, तसंच. "आबा, आपल्याला चोर पकडायचाय, चोराची साडी मॅच करायची नाही," मी म्हटलं. त्यांनी पट्टीची घडी करून खिशात घातली.

पहिल्या दुकानात दुकानदाराने कॅमेरा लावून आम्हाला मोबाइलवर चित्र दाखवलं आणि अंधार करायला शटर अर्धं ओढलं. आबांनी पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. चित्र काळं-पांढरं झालेलं, आणि त्यात पट्टीवरचा काळा तुकडा चक्क पांढरा दिसत होता! मीही वाकून बघितलं. खरंच पांढरा. दुकानदार समजावू लागला, "काका, आ तो नाइट व्हिजन छे, अंधारात ब्लॅक-व्हाइट ज आवे. कोई कोई कापड आवुंज देखाय."

"काळ्याला पांढरा म्हणतो तो कॅमेरा चोराला काय ओळखणार? उद्या पोलिसांना सांगू, पांढऱ्या शर्टातला माणूस होता, आणि ते पकडतील दूधवाल्याला." आबा शटरखालून वाकून बाहेर पडले. मला मनापासून हसू आलं, कारण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. रिक्षात बसल्यावर मी यांना फोन करून सांगितलं की, आबांना नेलं ते बरंच झालं. त्या एका विजयाने आम्हा दोघांच्याही डोक्यात हवा गेली.

आता आम्हाला रात्री रंग दाखवणारा कॅमेरा हवा होता. त्यात पांढरा दिवा असतो. कुणी समोर आलं की तो लागतो आणि चित्र रंगीत येतं. दुसऱ्या दुकानात तो होता. आबांनी पट्टी धरली, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, म्हणाले, "पिवळं मारतंय." तिसऱ्या दुकानातही पिवळं. वर तिथला दुकानदार उत्साहाने सांगत होता की, या कॅमेऱ्यात स्पीकर आहे, घरात बसून बाहेरच्या माणसाशी बोलता येतं. "चोराशी काय गप्पा मारायच्यात?" आबा म्हणाले. दुकानदाराने आमच्यापुढचा थंड पाण्याचा ग्लास उचलून नेला. मी मात्र आबांच्या बाजूने त्याच्याशी भांडले. काळ्या तुकड्याच्या वेळी ते बरोबर होते, मग आताही असणारच, असं मी धरून चालले होते. स्क्रीनकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

चौथं दुकान उधना दरवाज्याजवळचं. दुकानदार म्हातारा, शांत. आबा "पिवळं" म्हणाल्यावर त्याने वाद घातला नाही, मोबाइल माझ्यापुढे धरला. "बेन, तमे कहो."

मी बघितलं. पट्टीवरचा पांढरा तुकडा पांढरा दिसत होता. अगदी धुतलेल्या सदऱ्यासारखा. मी पट्टीकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा पट्टीकडे बघितलं. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पांढरा आहे आबा," मी म्हटलं. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कधी बोलले नव्हते.

आबांनी पट्टीची घडी केली. मग आम्ही रिक्षात बसलो. मला एकामागून एक साड्या आठवत होत्या. उन्हाळ्यात एका बाईने नेव्ही ब्लू साडी परत आणली होती, तिला काळा फॉल लागला म्हणून. मग दुसरी आली. मी फॉलवाल्याला शिव्या दिल्या, आबांनीही दिल्या. फॉल कुणी निवडला होता, हा विचार माझ्या मनात आला नव्हता. स्वतःचाच एवढा राग आला की रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

घरी आल्यावर मी दोन फॉल आबांपुढे ठेवले, एक नेव्ही ब्लू आणि एक काळा. "यातला नेव्ही कुठला?" ते दोन्ही घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "दोन्ही काळेच आहेत." सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, वळूनही बघितलं नाही. "त्या भाऊनी वरीसभर पहिले सांगं व्हतं," त्या गावाकडच्या बोलीत म्हणाल्या.

दोन दिवस आबा भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडून होते. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. ज्या माणसाने तीस वर्षं डोळ्यांच्या जोरावर मान मिळवला, त्याला मी दुकानात परक्या माणसासमोर खोटं पाडलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, टोपी घालून ओटल्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "डोयास्ना डॉक्टर कोठे बसस?"

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघी समोर उभ्या. आबांनी सासूबाईंकडे टक लावून बघितलं.

"तुना केस कव्हय धवळा व्हयनात?"

"चार वरीस व्हई ग्यात," सासूबाई म्हणाल्या.

"मी समजी ऱ्हायनू, तू मेंदी लावस."

नर्स हसली, डॉक्टर हसले, मी तर भिंत धरून हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, पण घरी जाताना त्यांनी डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला.

घरी आल्यावर आबांनी तो बिस्किटांचा डबा काढायला सांगितला. वर्षभर जपलेला तुकडा घेऊन ते खिडकीशी उभे राहिले. उजवा डोळा झाकला, डाव्याने बघितलं. मग डावा झाकला, उजव्याने बघितलं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मी दारातून बघत होते. डाव्या डोळ्याने तो तुकडा पिवळट दिसत असणार आणि उजव्याने दुधासारखा पांढरा, तेच ते पुन्हा पुन्हा करून बघत होते. शेवटी कॉटवर बसले आणि तुकडा मांडीवर पसरून त्याच्यावरून हात फिरवत राहिले. "पास होता," ते म्हणाले.

कॅमेरा आम्ही चौथ्या दुकानातूनच आणला. आबांनी पट्टी पुन्हा धरली, या वेळी डावा डोळा मिटून, आणि म्हाताऱ्या दुकानदाराला नमस्कार केला. यांनी सुट्टीच्या दिवशी तो फाटकाच्या वर बसवला. नवा नळ, फाटक आणि निम्मी गल्ली, सगळं त्यात येत होतं. त्याला स्पीकर होताच. तो तेवढा काढून मिळतो का, हे आबांचं विचारून झालं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी आबांनी बुलढाण्याच्या काकांना फोन लावला. तोंडातून एवढंच निघालं, "उद्या जेवायला ये." पलीकडून काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला. माफी मागणं हा प्रकार आबांच्या अंगवळणी नाही. रात्रभर ते कूस बदलत होते, असं सासूबाईंनी सांगितलं.

या रविवारी नेमकी दिवसपाळी आहे, संध्याकाळी येतो, असं काकांनी नंतर सासूबाईंना फोनवर कळवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, सगळी तयारी झाली. दिवेलागणीपासून आबा मोबाइल हातात घेऊन बसले होते. फाटकाशी मांजर आलं तरी दिवा लागायचा आणि आबा दचकायचे.

साडेसातला दिवा लागला. स्क्रीनवर काका दिसले. हातात पेढ्यांचा पुडा, अंगात इस्त्रीचा शर्ट. ते फाटकाच्या कडीला हात लावायचे आणि काढून घ्यायचे. एकदा तर मागे फिरून चार पावलं गेलेसुद्धा. दिवा विझला, परत आले, पुन्हा लागला. वर्षभर ज्याने फोन उचलला नाही, त्याच्या घरात कसं शिरायचं, असं त्यांना वाटत असावं.

"आबा, जा ना, दार उघडा," मी म्हटलं.

आबा उठले नाहीत. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "यात बोलायचं कुठून?" मी माइकचं बटण दाखवलं. त्यांनी ते अंगठ्याने घट्ट दाबलं, मोबाइल तोंडाजवळ नेला आणि बाहेरच्याला ऐकू जावं म्हणून मिलमधल्या मशिनींच्या वर ओरडायचे तसे ओरडले.

"तो लॉट पांढराच होता रे! पिवळा नव्हता! माझ्याच डोळ्यांत खोट होती. तू बरोबर बोललास, मीच चुकलो!"

फाटकावरून तोच आवाज दुप्पट होऊन गल्लीभर घुमला. समोरच्या ओटल्यावरची बाई भाजी निवडता निवडता उभी राहिली. दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. काका आधी दचकून मागे वळले, मग वर बघत राहिले. कॅमेऱ्याच्या पांढऱ्या उजेडात त्यांचं तोंड आम्हाला स्पष्ट दिसत होतं, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. त्यांनी पेढ्यांचा पुडा बगलेत धरला आणि कॅमेऱ्याला दोन्ही हात जोडले.

"मास्तर," ते कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "मले माहीत होतं जी. शेटनं पास केला, तव्हाच रजिस्टरात म्या तुमच्या नावानं पास लिवला व्हता."

आबांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि अनवाणीच दार उघडायला गेले. मी स्क्रीनवर बघत होते. त्यांनी काकांचा हात धरून त्यांना आत ओढलं. मग थांबून, डावा डोळा मिटून, काकांच्या शर्टाची बाही बोटांत धरून बघितली.