भावाचं गाणं आणि बेंजो

स्कॉटलंडचा तो गायक आमच्या घरात आणला माझ्या धाकट्या भावाने. लालबागच्या चाळीत, आई भाकऱ्या थापत असताना, तो मला मोबाईलवर त्या दाढीवाल्याचे व्हिडिओ दाखवायचा. गोदी कामगाराचा पोर, गळ्यात गिटार, आणि इंग्रजी असं की आमच्या मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं असतं. घरी बोलायचा तसाच गायचा.

"दादा, हा साला गावच्या बोलीत रॉक गातो," भाऊ म्हणाला. "मग तू मालवणीत का नाय गात?"

मी गायला लागलो. दादर, माटुंगा, जिथे बोलावतील तिथे. इंग्रजी हवं असलेली पोरं उठून जायची, भावगीतं हवी असलेले काका आधीच गेलेले असायचे. उरायचा भाऊ. तो एकटाच टाळ्या वाजवायचा आणि मला लाज वाटायची.

तो काविळीने गेला. आई तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणाला एक भाकरी जास्तीची करते आणि झाकून ठेवते. त्या झाकलेल्या भाकरीवर मी गाणं लिहिलं, मालवणीत. आईला मात्र ऐकवलं नाही. नीट रेकॉर्ड करू, वर्षश्राद्धाला तिला शेजारी बसवून ऐकवू, असं ठरवलं होतं. आयुष्यात दुसरं काही करून दाखवायचं मनात उरलंच नव्हतं.

पोटासाठी हळदीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवत होतो, अजूनही वाजवतो. माहीमच्या कोळीवाड्यात एका हळदीला आमचा गायक वेळेवर पोचला नाही. माईक माझ्या हातात आला आणि काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी तेच गाणं धरलं. ढोलकीवाल्याने सवयीने हळदीचा ठेका लावला. बायका नाचायला लागल्या. वन्स मोर आला. माझ्या उभ्या जन्मातला पहिला वन्स मोर. राग आला, आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

तिथे परळच्या एका बेंजो पार्टीचा वादक होता. त्याने चाल उचलली. बेंजोवर फक्त चाल वाजते, शब्द नसतात. भाकरी गेली, भाऊ गेला, राहिला ठेका. आता गिरगावपासून लालबागपर्यंत हळदीला तेच वाजतं, गणपतीपुढेही तेच.

त्या स्कॉटलंडवाल्याचंही असंच झालं होतं. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं बुडून मेलेल्या भावावरचं. फुटबॉलच्या मैदानात लोक बिअरचे ग्लास उंचावून ते कोरसमध्ये ओरडायचे. शेवटी त्याने ते गाणं सोडलं, मग स्टेजही सोडलं. त्याची मुलाखत बघून आम्ही दोघे भाऊ हसलो होतो. माज बघ किती, म्हणालो होतो.

गेल्या महिन्यात आमच्याच चाळीत हळद होती. भाऊ गेल्यापासून आई कुणाच्या हळदीला गेली नव्हती. त्या संध्याकाळी शेजारणींनी तिला ओढतच खाली नेलं, गालांना हळद फासली. बेंजोवाल्यांनी तीच चाल सुरू केली. मी गॅलरीत उभा होतो. आईने आधी नुसते हात हलवले, मग पदर खोचला आणि नाचायला लागली. हसत होती. थांबवा म्हणून ओरडावंसं वाटलं, पण कुणाला सांगणार होतो, आणि काय? इतकं हताश मला भावाच्या चितेपाशीही वाटलं नव्हतं.

ती घामाघूम होऊन वर आली, तांब्याभर पाणी प्यायली.

"कोणाचा रे गाणा ह्या?" तिने विचारलं. "लय बरा वाटला."

"म्हायत नाय," मी म्हटलं.

आता ते तिला कधीच ऐकवता येणार नाही. ज्यावर ती नाचली ते काय होतं, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? तिने हात धुतले, आम्हा दोघांची ताटं वाढली, आणि उरलेली एक भाकरी झाकून ठेवली.