खुशालराव मास्तरांचा जर्मन वारसा

खुशालराव मास्तर अमरावतीत संस्कृत शिकवत आणि जर्मन स्वतःच शिकत. तसं कुणी सांगितलं नव्हतं. १९५८ साली त्यांना ‘एर्बे’ हा शब्द सापडला आणि आम्हा शेजाऱ्यांच्या कानांचे हाल सुरू झाले. जर्मनांत वारसही एर्बे, वारसाही एर्बे. मास्तरांच्या मते मूळ अर्थ पोरका. आपलं ‘अर्भक’ त्याच कुळातलं, आणि कष्टाला त्या लोकांचा जो ‘अर्बाइट’ शब्द आहे तोही. हे ऐकावं लागू नये म्हणून दूधवाला तर भांडं बाहेरच ठेवा म्हणायचा.

त्याच साली मोर्शीजवळच्या गावी त्यांचे वडील वारले. शेत आधीच वाटलेलं होतं, राहिल्या होत्या घरच्या चीजवस्तू. रीत अशी, की थोरल्याने दोन वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मास्तर थोरले. त्यांना हवी होती फक्त वडिलांची बंगई, ओसरीवरचा तो सागवानी झोपाळा. म्हणून त्यांनी अक्कल लढवली. एका वाट्यात बैलजोडी, दमणी म्हणजे बसायची छोटी बैलगाडी, आणि पाण्याचे तांब्याचे गुंड. दुसऱ्यात बंगई आणि एक मोडका पाट. धाकटा भगवंतराव हाडाचा शेतकरी. तो बैल सोडतो होय!

सोडले त्याने. कारण पंचांसमोर मास्तरांना जीभ आवरली नाही. त्यांनी एर्बे पहिल्यापासून समजावला. ‘पोरका’ आला तसा धिप्पाड भगवंतरावाने हंबरडाच फोडला.

“मी पोरका झालो ना दादा! मले कोनं सांगतलंच नाई! मले बाबाची बंगई पायजे!”

उचलला तो वाटा, आता बदल नाही, असं पंच म्हणाले.

मास्तर दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी बैलजोडी घेऊन परतले. बायको जाईबाई दारातच उभी. “बैल बांधता कुठी? मोरीत?” दुसऱ्याच दिवशी बैलांनी घरमालकाचं वाळत घातलेलं धोतर खाल्लं. मला हसू आवरेना, म्हणून मी माझ्या घरात जाऊन हसलो.

शेवटी मास्तरांनी दमणी जुंपली. सोबतीला मी होतो. गावी पोचताच ते भावाला म्हणाले, “बैल, दमणी, सारं ठेव तू. मले फक्त घडीभर बंगईवर बसू दे.”

“बस. पन जर्मन बोलाचं नाई.”

मास्तर बसले. बोलायची बंदीच होती. भगवंतरावाने शेजारी बसून पायाने हलका झोका दिला, कड्या करकरल्या, आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच मास्तर ढसाढसा रडले.

भगवंतरावाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “आता आलं तुले जर्मन,” तो म्हणाला.