कर्नलमधली चूक आणि माझं तोंड

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे आमच्या कळस गावात शाळकरी पोरांनाही माहीत आहे. नेमकी माझ्यावरच दीड महिना गप्प बसायची वेळ आली.

मी घरूनच नोकरी करतो. कॉम्प्युटरच्या कर्नलमधल्या चुका शोधायच्या, हे काम. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कुठल्या प्रोग्रामला मेमरीतली कुठली जागा द्यायची आणि कधी काढून घ्यायची, हे तो बघतो. तिथं मला एक चूक सापडली. जागा काढून घेतली होती, दुसऱ्याला दिलीही होती, तरी पहिला प्रोग्राम तिथं खुशाल लिहीत होता. चोराला एवढी फट पुरे, अख्खं मशीन त्याच्या ताब्यात! मी आनंदानं अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि सिस्टीम सांभाळणाऱ्यांना कळवलं. उत्तर आलं: दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत कुणाला एक अक्षरही सांगू नका.

चहाच्या टपरीवर तोंड सुटेल म्हणून तिकडे जाणंच बंद केलं. आठवड्याभरात तात्या, म्हणजे माझे चुलते, दारात हजर. गावात त्यांचं दूध संकलन केंद्र आहे.

"नोकरी गेली म्हनं?"

"न्हाय तात्या."

"मग तोंड का लपवतुयास?"

"सांगता येत न्हाय."

"पोलिसाचं काय हाय का?"

"न्हाय हो!"

"मग गेलीच. लाजू नगंस. उद्यापासनं सकाळी केंद्रावर ये. फॅट बघायला मानूस पायजेच हाय मला."

आईनं डोळ्याला पदर लावला. सगळं अगदी ओठावर आलं होतं. मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेलो.

तिथला कॉम्प्युटर त्याच सिस्टीमवर चालणारा. रोज सकाळी दुधाच्या फॅटचे आकडे त्याच्यात भरायचे आणि मनात म्हणायचं, बाबा, तू उघडा आहेस.

शेवटी दुरुस्ती आली. मी दुधाची रांग थांबवून ती कॉम्प्युटरवर चढवली, तो बंद करून चालू केला आणि मग तिथंच, हातवारे करत, सगळं सांगून टाकलं.

"समजा, तात्यांनी रान एकाकडनं काढून दुसऱ्याला कसायला दिलं. त्यानं गहू पेरला. आन् पहिला येऊन त्याच गव्हात नांगर घालतोय!"

रांगेतल्या एका काकूंनी किटली खाली ठेवली. "बांधावर त्येला कुनी हटकत न्हाय व्हय?"

"काकू, हीच चूक! हटकनाराच ठेवला न्हवता."

"एवढ्यासाठी दीड महिना गप?"

"आदी बोललो असतो, तर समद्या चोरांना ह्यो उघडा बांध कळला असता."

तात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "म्हंजे नोकरी हाय."

"हाय."

त्यांनी माझ्या हातातली दुधाच्या नमुन्याची बाटली काढून घेतली. "मग हितं काय नाटक करतुयास? जा, आदी आईला सांग. जेवन तुटलंय तिचं."

मी निघालो. आईला कुठून सुरुवात करून सांगायचं, याची वाटभर मोठ्यानं तालीम करत.